ओंग आजोबांचा डावा पाय

लिपा, बातांगास
१७ फेब्रुवारी २०२३

प्रिय कुया पिलो,

नऊ वर्षं झाली. थोरला भाऊ मानून तुला ‘कुया’ म्हणते, आणि इतक्या काळात तुला एक ओळ लिहिली नाही, नाताळचं कार्डसुद्धा नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. आई आजारी होती, घर बदललं, पत्ता हरवला, असं काहीबाही लिहिता आलं असतं. पण पत्ता माझ्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर तुझ्याच अक्षरात आहे, आणि ती वही मी जवळजवळ रोज उघडते. तेव्हा कारण काही नाही. लिहिलं नाही, एवढंच.

तुझ्या लेकीचा, जोव्हेलिनचा निरोप एकोणतीस जानेवारीला आला. डिसेंबरात तुला झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि आता डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलंय, हे तिने चार ओळींत लिहिलं होतं. शाळेत शिकवते ना, नीट लिहिते. खाली, मला आत्या म्हणून ‘तिता’ म्हणत, आणखी होतं. शेजाऱ्यांच्या रेडिओवर गाणं लागलं की तुझ्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलतात. ‘तिता सेंदा, पापांनी वाजवलेलं तुमच्याकडे काही असेल तर पाठवा ना. त्यांना त्यांचंच ऐकवायचंय. फार दिवस नाहीत म्हणतात.’ मी लगेच ‘हो, उद्याच पाठवते’ असं उत्तर दिलं. आज एकोणीस दिवस झाले. रोज तिला ‘उद्या नक्की’ असं कळवते आहे. तुझं वाजवणं तुझ्या कानावर पडायला हवं, तू असेपर्यंत पडायला हवं, आणि ते पाठवणारी जगात मी एकटीच आहे, हे मला कळतं. तरी पाठवलेलं नाही.

तुला आता वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र जोव्हेलिनच तुला वाचून दाखवणार. ते लक्षात ठेवूनच लिहिते आहे. म्हणून तुला पाठ असलेल्या काही गोष्टीही पुन्हा सांगते, कारण ती तेव्हा ओलोंगापोला आजीजवळ होती आणि आपण मलेशियात, पेनांगच्या त्या हॉटेलात होतो. तिने तुला खुर्चीवर बसून वाजवताना किती वेळा पाहिलं असेल? मला वाटतं, दोनदा. फार तर तीनदा.

जोव्हेलिन, आमच्या धंद्यात एक शब्द होता, प्लाकादो. रेकॉर्डवर आहे तसंच्या तसं. श्वास घेतलाय तिथे श्वास, खोकलाय तिथे खोकला. आपल्या लोकांना परदेशातल्या हॉटेलांत काम मिळायचं ते याच्यावर. मनिलातला एजंट एका कानाला रेकॉर्ड लावायचा आणि दुसऱ्या कानाने आम्हाला ऐकायचा, आणि दोन कानांत फरक पडला की हात वर करून थांबवायचा. तुझे पापा त्या परीक्षेत एकदाही अडकले नाहीत. खुर्चीवर असे बसले आणि छापल्यासारखं वाजवून उठले. एजंट म्हणाला, “हा माणूस नाही, टेपरेकॉर्डर आहे.” आम्ही सगळे खूश. मी बँडची कीबोर्डवाली, गाणी बसवायचं कामही माझंच. मला वाटलं, चला, ड्रमची काळजी मिटली.

पेनांगला पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मला काहीतरी खटकायला लागलं. गाणं तेच, वेग तोच, पण दुसऱ्या कडव्यात माझी बोटं आपोआप वेगळी पडत होती. आठवतं, कुया, मी तुला कामगारांच्या खानावळीत गाठलं होतं? तू सुक्या मासळीशी भात खात होतास आणि त्या वासाने बाकीचे दोन टेबलं सोडून बसले होते. मी म्हटलं, “तू दुसऱ्या कडव्यात काय करतोस?” तू काटा काढत म्हणालास, “पहिलं कडवं रेकॉर्डचं. ते त्यांना देऊन टाकायचं. दुसरं माझं.” “आणि तिसरं?” “तिसरं समोर जो बसलाय त्याचं.” मी हे त्या दिवशी वहीत लिहिलं. मला ते बोलण्यापुरतं बोलणं वाटलं होतं. ते तसं नव्हतं, हे कळायला मला वर्ष लागलं.

कॉलेजात मी साहित्य शिकले, आणि त्या शिक्षणाचा मला आयुष्यात एकच उपयोग झाला. कुणी काही चांगलं केलं की ते नेमकं कुठे चांगलं आहे हे शोधायची खोड लागली. पाहुणे लूडीच्या गाण्याकडे आणि तिच्या चमकत्या झग्याकडे बघायचे. तुझ्याकडे कुणी बघत नसे, आणि मी डावीकडे बसून तुझ्याचकडे बघायची. तेव्हाच्या मॅनेजरने ड्रमचा आवाज फार होतो, लोकांना स्वतःचे काटेचमचे ऐकू येत नाहीत, अशी तक्रार केली तेव्हा दुसऱ्या कुणी तोंड वाकडं केलं असतं. तू मागच्या अंगणात गेलास, झाडलोट करणाऱ्या रोहाया माकचिकच्या, म्हणजे रोहाया मावशीच्या, खराट्यातले मूठभर हीर उपसलेस, एका मापाचे कापलेस, रबर बँडने बांधलेस आणि संध्याकाळी काठ्यांऐवजी त्यांनी वाजवलंस. सुपात तांदूळ पाखडल्यासारखा तो आवाज. मॅनेजर खूश, आणि मी तर कीबोर्ड वाजवायचं विसरले. चार दिवसांनी माकचिक दोन्ही हात कमरेवर ठेवून स्टेजमागे हजर. “माझा खराटा रोज बारीक होतोय! कोण खातंय?” तू इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणालास, “माकचिक, मी नाही. ड्रम खातो. त्याला सवय लागलीये.” मग दुसऱ्या दिवशी तिला नवा खराटा आणून दिलास, तर तिने तो वाकवून बघितला आणि तुझ्याच अंगावर टाकला. “ओल्या हिरांचा आणलास, मेल्या! हा महिन्यात लोळेल. सुकलेला बघून घ्यावा, एवढंही कळत नाही?” तू तो ओला खराटा ड्रमवर वाजवून पाहिलास आणि मला म्हणालास, “बरोबर आहे तिचं. ओला हीर बोलत नाही.”

आणि ती रिकामी जागा. बंदरावरचं ते एक गाणं आपण नेहमी वाजवायचो, त्यात धृपदाच्या आधी रेकॉर्डवर ड्रमचा केवढा गडगडाट आहे. सगळं गाणं त्या गडगडाटाची वाट बघत असतं. एका शनिवारी तू तिथे हात वर उचललेस आणि काहीच वाजवलं नाहीस. पूर्ण एक आवर्तन शांत. हॉलमधली सगळी माणसं बोलता बोलता थांबून स्टेजकडे बघायला लागली, जणू दिवे गेले. गाणं संपल्यावर लूडी केवढी तणतणली! “अरे मी उडी मारायला पाय उचलला आणि खाली जमीनच नाही!” तू म्हणालास, “पण उडलीस ना?” ती चिडून हसली, आणि पुढच्या शनिवारी स्वतःच म्हणाली, “कुया, आज जमीन काढून घे हं.” लूडी आता दुबईत आहे. केस कापलेत, दोन मुलं आहेत, गात नाही. तुझी बातमी तिला मीच कळवली. तिने एवढंच विचारलं, “बोटं हलतात म्हणालीस ना?” आणि फोन ठेवला.

आता ओंग आजोबांचं सांगते. जोव्हेलिन, हे नीट वाच.

रविवारी दुपारी हॉटेलात चहाच्या वेळी नाच असायचा. म्हातारी जोडपी यायची, आदबीने नाचायची, केक खाऊन घरी जायची. त्यांत एक ओंग नावाचे गृहस्थ होते. सत्तरी ओलांडलेली, कडक इस्त्रीचा शर्ट, डाव्या खुब्यात दोष. पत्नी त्यांच्यापेक्षा बुटकी, कायम फुलाफुलांच्या झग्यात. ते दोघं नाचायला उभे राहत नसत. दर रविवारी येऊन भिंतीकडचं टेबल धरत आणि बघत बसत. एकदा बाईंनी त्यांना ओढून उठवलं. बंदराचंच गाणं चालू होतं. उजवा पाय तालावर पडे आणि डावा थोडा उशिरा फरफटत येई. प्रत्येक फेरीत ते तालाच्या मागे पडत, ओशाळून हसत, पुन्हा सुरुवात करत. बाकीची जोडपी त्यांच्यासाठी जागा सोडत होती, आणि तेच त्यांना लागत असणार. मग दुसरं कडवं संपलं आणि तिसऱ्यात मला तुझा हात मागे राहिलेला ऐकू आला. पायाचा ड्रम सगळ्यांसाठी जागच्या जागी चालू होता. पण हिरांचा फटका, जो मात्रेवर पडायचा, तो तू मागे ठेवला होतास. मला वाटलं, दमला. मग मी तुझी नजर कुठे आहे ते पाहिलं. तू ओंग आजोबांच्या डाव्या बुटाकडे बघत होतास. बूट जमिनीला टेकला की फटका. ते तालात येत नव्हते म्हणून तू ताल त्यांच्याकडे नेला होतास. दोन फेऱ्यांत त्यांचं हसणं बदललं. ते लंगडत नव्हते, नाचत होते. बाईंनी त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. इतरांना वाटलं, आज गाणं छान रेंगाळतंय.

त्यानंतर तू तिथे असेपर्यंत ते दोघं एकही रविवार चुकले नाहीत. फक्त ते एक गाणं नाचायचे आणि बसायचे.

मी वहीत लिहिलं: ‘तिसऱ्या कडव्यात हीर थोडा उशिरा. ओंग यांचा डावा पाय.’ हे वाक्य नीट लक्षात ठेव कुया, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे. तू मला वहीवरून चिडवायचास. मी दिवसाच्या शेवटी ‘उद्या’ असा शब्द लिहून त्याखाली एकच काम लिहिते, हे तू चोरून वाचलं होतंस. “एकच? आणि तेही दुसऱ्या दिवशी करत नाहीस! निदान दोन लिहीत जा, म्हणजे एक तरी होईल.” त्या वह्यांत तुझी एकशेबारा गाणी होती. कुठे काय काढलंस, कुठे काय घातलंस, सगळं खुणांनी. कुणी सांगितलं नव्हतं. मला आवडायचं म्हणून. तुझं वाजवणं पाचही वर्षं लक्ष देऊन ऐकणारी मी एकटीच होते, असा मला अभिमानही होता. या अभिमानाबद्दलच पुढचं आहे.

२०१३च्या अखेरीस नवे मॅनेजर आले, टेरेन्स खू. सभ्य माणूस, आवाज कधी चढवला नाही. त्यांनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं की वरून हुकूम आहे, बँडमधली माणसं कमी करायची, नाहीतर बँडच बंद. ड्रमचं काम यंत्र करू शकतं. पण यंत्राचं वाजवणं यंत्रासारखं वाटतं, पाहुण्यांना कळतं, त्यावर काही उपाय आहे का? आणि कुया, मी म्हटलं, “माझ्याकडे सगळं लिहून ठेवलेलं आहे.”

हे वाक्य मी नऊ वर्षं उलटसुलट करून पाहिलं आहे. बाकीच्यांची नोकरी वाचावी म्हणून बोलले का? हो, तेही होतं. पण तो विचार नंतर आला, ऑफिसच्या बाहेर, जिन्यात. बोलले तेव्हा मनात फक्त एवढंच होतं की पहिल्यांदा कुणीतरी माझ्या वह्यांबद्दल विचारतंय. त्यांनी त्या मागून घेतल्या, पानं उलटली, म्हणाले, “हे विलक्षण आहे.” मला सुख झालं. तुझं वाजवणं विलक्षण होतं आणि सुख मला झालं.

पुढचं तुला माहीत आहे, म्हणजे तू तिथे होतास. ते ड्रमचं यंत्र, म्हणजे ती पेटी, आली. तिला जोडलेल्या चार रबरी चकत्या आल्या. मी तुला सांगितलं की उद्या नवी गायिका आलीच तर तिच्या सरावासाठी तुझं वाजवणं पेटीत भरून ठेवायचंय. तू तीन आठवडे दुपारची झोप मोडून येत होतास. येताना माझ्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीतली, दोरीने बांधलेली कॉफी आणायचास आणि ती कीबोर्डच्या खुंटीला टांगायचास. एकदा त्या पेटीकडे बघत विचारलंस, “ही चुकते का गं?” मी म्हटलं, “नाही.” “कधीच नाही?” “कधीच नाही.” तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, “बिचारी.” मी हसले. मला हसता आलं.

जोव्हेलिन, पापांनी तुला सांगितलं असेल की मनगटं दुखायला लागली म्हणून त्यांनी स्वतःहून काम सोडलं. मनगटं ठणठणीत होती. त्यांची जागा मी काढून घेतली, त्यांच्याच हातांनी. इथे वाचायची थांबलीस तर मी समजू शकेन. पण थांबू नकोस, कारण अजून एक गोष्ट आहे, आणि ती याहून वाईट आहे.

खू यांना ऐकवायचा दिवस आला. बंदराचं गाणं लावलं. तिसऱ्या कडव्यात त्यांनी भुवया वर केल्या. “इथे चुकतंय.” मी म्हटलं, तो मुद्दामच मागे आहे. ते म्हणाले, “माणसाने केलं तर मुद्दाम. यंत्राने केलं तर बिघाड. लोक तक्रार करतील.” त्यात चूक काय होती? पेटीत एक सोय होती. एक बटण दाबलं की सगळे ठोके मात्रांच्या रेषेवर जाऊन बसायचे, मागे राहिलेले पुढे आणि पुढे गेलेले मागे. एका गाण्याला नको, सगळ्यांनाच करून टाका, म्हणजे कटकट नको, असं ते म्हणाले. पेटीने पडद्यावर विचारलं, नक्की? मी ‘हो’ दाबलं. शिंक यायला लागतो तेवढा वेळ लागला. मूळ वाजवणं कुठे वेगळं उतरवून ठेवलं नव्हतं. तसं सुचलंही नाही. पाच वर्षं डावीकडे बसून ऐकलेल्या बाईला सुचलं नाही.

आणि मग तो शुक्रवार. तू ड्रम जुन्या सतरंजीत गुंडाळत होतास. मी दारात उभी होते. तू मान वर न करता म्हणालास, “सेंदा, त्या पेटीला तिसऱ्या कडव्यात जरा मागे राहायला सांग हं. ओंग आजोबांचा पाय वेळाने येतो.” मी म्हटलं, “हो.” म्हणजे तुला माहीत होतं. कधीपासून? पहिल्या दिवसापासून? तरी तीन आठवडे येऊन वाजवलंस? त्या म्हाताऱ्यासाठी, की बाकीच्यांची नोकरी राहावी म्हणून, की माझं तोंड राहावं म्हणून? मी हे कधी विचारलं नाही, आणि आता तू सांगू शकत नाहीस. विचारायची वेळ मी नऊ वर्षं हातात धरून बसले होते.

त्या रविवारी ते दोघं आले. बंदराचं गाणं सुरू झालं, उठले. पहिलं कडवं, दुसरं. तिसऱ्यात त्यांनी सवयीने डावा पाय निर्धास्त टाकला आणि फटका आधीच होऊन गेला होता. त्यांनी पाय उचलून पुन्हा टाकला. पुन्हा तेच. त्यांनी स्टेजकडे पाहिलं, तुझ्या खुर्चीच्या जागेकडे. तिथे कुंडी ठेवली होती. मग बाईंच्या कानात काहीतरी बोलले, दोघं हळूहळू टेबलाशी गेले, आणि चहा पूर्ण पिऊनच उठले. माणसं आदबशीर होती. पुन्हा आली नाहीत. दीड वर्षात बँडही बंद झाला. आम्हा चौघांची जागाही दुसऱ्या पेटीने घेतली असावी, मी चौकशी केली नाही.

मी आता इथे लिपाला भावाच्या घरामागच्या खोलीत राहते. तागायताय भागातल्या लग्नांत वाजवते, मी आणि ती पेटी. तीच पेटी, हो, बँड बंद झाल्यावर मी घेतलेली. लोकांना ती आवडते. एकाही लग्नात कुणी म्हणालं नाही की काही कमी आहे. मीही म्हणत नाही. गेल्या मंगळवारी मनिलाला जाऊन तुझ्या गावच्या, ओलोंगापोच्या बसच्या रांगेत उभी राहिले होते. माझा नंबर आला तेव्हा तिकीटवाली म्हणाली, “कुठे, ताई?” आणि मी रांगेतून बाहेर पडले.

हे एकोणीस दिवस मी शोधते आहे. आपल्या तेव्हाच्या कॅसेटी सगळ्या माझ्याकडे आहेत, ट्रंकभर. पण त्यांत तू नाहीस. हॉल लहान होता, ड्रमला माइक लावत नव्हतो, आणि कॅसेट माइकच्या तारांवरून भरायची. लूडी आहे, मी आहे, बाकीचे आहेत. आपल्या सगळ्यांच्या पाठीमागे तू पाच वर्षं रोज वाजवलंस आणि कुठेच नाहीस. मी कॅसेटमागून कॅसेट लावली. सप्टेंबर २०१०मधल्या एका रविवारच्या कॅसेटमध्ये, बंदराच्या गाण्यात, लूडी श्वास घ्यायला थांबते आणि माइक खाली करते. तो तुझ्या बाजूला वळला असणार. तिथे तू ऐकू येतोस. दोन घरं पलीकडे कुणी अंगण झाडतंय असा. चार फटके. मग ती गायला लागते आणि तू जातोस.

ते चार फटके तिसऱ्या कडव्यातलेच आहेत. मला वाटलं, मिळालं! ‘थोडा उशिरा’ म्हणजे किती, हे आता मोजता येईल, आणि पेटीतलं सगळं तेवढंच मागे सरकवून तुला पाठवता येईल. भाच्याच्या कॉम्प्युटरवर मोजलं. सेकंदाचे हजार भाग केले तर पहिला फटका चाळीस भाग मागे होता. दुसरा पंचाहत्तर. तिसरा जेमतेम वीस. चौथा शंभराच्या वर. मी चारदा मोजलं. प्रत्येक वेगळा होता, कारण प्रत्येक वेळी तो पाय वेगळा पडला होता. ‘थोडा’ असं काही मापच नव्हतं. माझी वही चुकीची होती, कुया. पाच वर्षं मी तुझे ठोके लिहून ठेवले आणि तू ठोके वाजवत नव्हतासच, तू बघत होतास. ओंग आजोबा गेले. त्यांच्या नातवाने कोविडच्या वर्षी हॉटेलच्या जुन्या लोकांना कळवलं होतं. आता ते मागे सरकवायला मला कुणाचा पाय मिळणार?

तरीही मी पेटीतलं तसंच, सरळ केलेलं, पाठवून दिलं असतं. तुझ्या डाव्या हाताने कदाचित ओळखलंही नसतं, आणि जोव्हेलिनचं समाधान झालं असतं. परवा रात्री पाठवायला बसलेही होते. तेवढ्यात तिचा दुसरा निरोप आला. ‘तिता, घाई करा असं म्हणत नाही, पण पापा बोलत होते तेव्हा नेहमी सांगायचे, माझी काळजी करू नका, माझं सगळं वाजवणं सेंदाच्या पेटीत जपून ठेवलंय, मी मेलो तरी ते वाजत राहील. तीच पेटी तुम्ही ऐकवणार ना?’ ते वाचलं आणि पाठवता येईना. नऊ वर्षं तू या समजुतीवर निश्चिंत होतास. माझ्यावर राग न धरता, पोरीला खोटं सांगून माझं नाव राखून, तू एवढं एकच घेऊन घरी गेलास की तू कुठेतरी ठेवलेला आहेस. तू तिथे नाहीस, कुया. मी पुसलं. हे तुला न सांगता तुझ्या उशाशी ती पेटी वाजू देणं मला जमणार नाही, आणि सांगितल्यावर तुला काही उरणार नाही, हेही कळतं. तू गेल्यावर लिहिलं असतं तर ते माझ्यापुरतं झालं असतं. म्हणून आत्ता लिहिलं. ते चार फटके सोबत पाठवते आहे. पुरते नऊ सेकंद आहेत. जोव्हेलिन, आवाज मोठा कर आणि लूडीच्या श्वासाच्या मागे ऐक. आणि एक छोटं पुडकं वेगळं येईल, ते त्यांच्या डाव्या हातात दे. वाजवतील असं नाही. नुसतं धरू देत.

तुझीच,
सेंदा

उद्या: बाजारातून खराटा आणायचा. सुकलेल्या हिरांचा, वाकवून बघून.